आधी पोरांचं होऊ दे

८ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, रागावू नकोस. मागच्या खेपेला तुझा आवाज ऐकला आणि आईनं तुला आधी कपाटात शोधलं, मग पलंगाखाली, मग दार उघडून जिन्यात. "आत्ता तर बोलत होता, एवढ्यात उपाशीच गेला का?" म्हणून संध्याकाळभर रडली. तेव्हा आता पत्रच बरं. पत्राला आवाज नसतो.

एक काम आहे. पडदे शिवायला टाकणाऱ्या एक बाई घर बदलून गेल्या, जाताना माशांची काचेची टाकी माझ्या गळ्यात मारून गेल्या. लहानशी आहे, दोन बादल्या पाणी मावेल एवढी. हवेचा पंप आहे, वर दिवा आहे. मी ती माझ्या मशीनशेजारच्या टेबलावर ठेवली आणि गळते का बघावं म्हणून पाणी भरून दिवा लावला. तुला माहीत आहे, दिवस कलला की आई दाराची कडी हलवत बसते, "मला घरी जायचंय" म्हणून. त्या दिवशी हलवली नाही. खुर्ची ओढून पाण्याकडे बघत बसली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "नुसत्या पाण्यात एवढ्या रमल्या, मासे आले तर तुम्हाला विचारणार पण नाहीत!"

तुझ्या कारखान्याच्या गल्लीत माशांचं दुकान आहे ना? विचारून कळव, एवढ्याशा टाकीत कोणते मासे चालतील.

आईच्या जेवणाचं तेच. सगळ्यांची पानं उठल्याशिवाय ती बसत नाही, हे काही नवीन नाही. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे आता तिचं तिलाच ठरत नाही. कधी बाबा यायचे असतात, कधी तू. वाट बघता बघता ताट गार होतं आणि ती विसरून जाते. तिच्या ब्लाउजांची शिवण मी पुन्हा आत घेतली. शिवणारीच्या हाताला कळतं, तेवढं वजनकाट्यालाही कळत नाही.

तुझी,
बारकी


१७ जानेवारी

बारके,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी सुटल्यावर दुकानात गेलो. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावतात आणि मांडीवर मांजर घेऊन बसतात. मी म्हटलं, "माशांच्या दुकानात मांजर?" तर म्हणाले, "ती नुसती बघते हो. गिऱ्हाइकांसारखी."

माणूस चांगला वाटला. टाकी केवढी, पाणी कसलं, घरात कोण कोण, सगळं विचारलं. मी सांगितलं, दोन बादल्यांची टाकी, नळाचं पाणी, घरात शिवणकाम करणारी बहीण आणि वयस्कर आई, दोघी दिवसभर घरीच. म्हणाले, "उत्तम. लक्ष ठेवणारं माणूस असलं की निम्मं काम झालं."

तर ऐक. गोल्डफिश घेऊ नकोस. सगळे तोच मागतात, पण तो मोठा होतो आणि पाणी फार घाण करतो. दोन बादल्यांत त्याचं आयुष्य म्हणजे हाल. तू गप्पी घे. बोटाच्या पेराएवढे असतात, शेपटीला रंग असतात, सदा हलते-बोलते. पाच-सहा पुरेत, आणि सगळे नरच घे, नाहीतर महिन्याभरात टाकीत बालवाडी भरेल. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. खाणं दिवसातून एकदा, दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढंच. लगेच संपेल तेवढं द्यायचं, उरलं की ते कुजतं.

शिलाई मशीन काय आणि हे काय, सगळं नीट जुळवून ठेवलं की चालतं. आईला आनंद होईल. सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा तुम्हा दोघींचं नाव घेतोच.

तुझा,
दादा


४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

मासे आणले. सहा गप्पी, सगळे नर, सगळं तू सांगितलंस तसं. आईला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यांना ती 'पोरं' म्हणते. पहिल्या दिवशी मी चिमूटभर खाणं घातलं, पोरांनी वर येऊन मटामटा खाल्लं, आईनं ते शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चला, पोरांचं झालं. आता मला वाढ." दादा, ती पूर्ण जेवली. वर भात मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आता पुढचं. तिला आठवत नाही ना, की आत्ताच खाऊ घातलंय. खुर्चीत बसते, पोरं काचेशी येतात, तोंडं उघडतात, की झालं. "भुकेली आहेत गं बिचारी." उठते, डबी उघडते. मी मशीनवर पाठमोरी असते, मला कळत नाही. वहिनींनी एका दुपारी बघितलं, म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या पंगतीतही एवढ्या वेळा वाढत नाहीत!" पंपाची घरघर ऐकली की ती पंपही काढून ठेवते, पोरांची झोपमोड होते म्हणून.

पाणी दुधाळ झालं. दोन मेले. आई उठायच्या आत मी ते काढले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तसेच दोन आणून सोडले. मग आणखी एक. तिला कळलं नाही. पण हे किती वेळा करू? बाकीचेही आता सारखे वरच असतात, तोंड उघडझाप करत. इतकं खाऊनही यांची भूक भागत का नाही?

माझं बरं आहे. पोटात अधूनमधून कळ येते, मशीनवर वाकून बसल्यामुळे असेल.

तुझी,
बारकी


१३ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र मी दुकानदारांना वाचून दाखवलं. आईच्या विसरण्याचं मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. 'दोघी दिवसभर घरीच' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी मांजर खाली ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "ते मासे भुकेले नाहीत. त्यांना श्वास घेता येत नाहीये."

उरलेलं खाणं कुजतं, पाण्याचं विष होतं, कल्ले जळतात. म्हणून ते वर येऊन हवेसाठी तोंड उघडतात. आई ते उघडं तोंड बघते आणि आणखी खाणं घालते. पाणी आणखी बिघडतं. आणखी तोंडं उघडतात.

परत येताना वाटेत मनात तेच होतं. आपण देवापुढे रोज तोंड उघडतो, तोही काय समजून काय देत असेल कोण जाणे.

असो. उपाय सांगतो. एक, खाण्याची डबी लपव. दोन, रोज थोडं पाणी बदल. तीन, गप्पी काढून टाक आणि तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे आण. ते खाली वाळूत शोधून खातात, उठसूट वर येऊन तोंड उघडत नाहीत. आईला उघडं तोंड दिसलं नाही तर ती खाणं घालणार नाही. मला वाटतं हे बरोबर बसेल.

पोटाचं दुखणं अंगावर काढू नकोस. ओवा खा.

तुझा,
दादा


२ मार्च

दादा,

डबी लपवली. तेव्हा तिनं आपल्या ताटातला भात घातला. मग पाव कुस्करून घातला. एकदा पाण्यात काहीतरी पांढरं विरघळताना दिसलं म्हणून बघितलं, तर संध्याकाळची गोळी. "मला काय करायची आहे, मी म्हातारी. पोरांना ताकद येऊ दे." काचेवर झाकण घालून वर जड पुस्तकं ठेवली, तर ती झाकण नखांनी खरवडत राहिली, "कोंडलंय गं कोणी यांना" म्हणून. नखं दुखावली, तेव्हा मीच झाकण काढलं.

तुझे मिशाळ आणले. गुणी मासे, दादा, अगदी तू म्हणालास तसेच. दगडाआड जाऊन बसले ते बसले. आई बघते, पोरं येत नाहीत, खात नाहीत. "आजारी आहेत. काही खाल्लं नाही त्यांनी." मी ताट पुढे केलं तर हातानं बाजूला सारलं. "आधी पोरांचं होऊ दे." दुपारी तेच, संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही. मी खाण्याच्या गोळ्या तळाशी टाकून दाखवल्या, वहिनींनी शपथेवर सांगितलं, "आजी, मी बघितलं, खाल्लं त्यांनी!" तर त्यांना म्हणाली, "तुमची पोरं नाहीत ना ही, म्हणून असं बोलता." शेवटी घोट घोट दूध पाजलं, तेही रागावून.

मग वहिनींनी टाकीच उचलून आपल्या घरी नेली. आई ताट घेऊन रिकाम्या टेबलापुढे उभी राहिली आणि पलंगाखाली वाकून पोरांना हाका मारायला लागली. दिवस कलल्यावर दाराची कडी पुन्हा सुरू. टाकी परत आणली.

आता पुन्हा गप्पी आहेत. मरतात, मी बदलते. कोपऱ्यावरचा दुकानदार विचारतो, "ताई, घरी मांजर आहे का?"

म्हणजे बघ. तोंड उघडणारे मासे आणले तर मासे मरतात. न उघडणारे आणले तर आई जेवत नाही. तू आता माशांचा डॉक्टर झालास, तूच सांग. चार पानांच्या पत्रात आईबद्दल दोन ओळी असतात तुझ्या, बाकी सगळं पाणी नि कल्ले.

रागानं लिहिलं. खोडत नाही, कागद एवढाच आहे.

बारकी


१० मार्च

बारके,

आशीर्वाद. तू रागावलीस ते बरं केलंस. आईबद्दल मी काय लिहू? माशांबद्दल निदान विचारायला माणूस आहे. आईबद्दल कोणाला विचारू? म्हणून पाणी नि कल्ले लिहितो.

दुकानदारांनी फार विचार केला. मी रोज जातो तर आता चहा मागवतात. आज म्हणाले, "फायटर द्या त्यांना. एकच." निळा किंवा लाल, मोठ्या पिसाऱ्याचा असतो. त्याला एकट्यालाच ठेवायचं, दुसरा दिसला की मारामारी. त्याची गंमत अशी की तो वरची हवा घेऊ शकतो. त्यामुळे पाणी थोडं बिघडलं तरी तग धरतो. वर येतो, तोंड उघडतो, म्हणजे आईचंही समाधान. तू गुपचूप रोज थोडं पाणी बदलत राहा. मी विचारलं, "मग हा जगेल?" ते म्हणाले, "इतरांपेक्षा जास्त." मी पुन्हा विचारलं नाही.

यंत्र बिघडलं की मी आधी बघतो, कुठला भाग कशाला घासतोय. इथे दोन्ही भाग चांगले आहेत, तरी घासतात. तरीपण फायटर आणून बघ. मला आशा वाटते.

पोटाचं काय झालं, लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


६ एप्रिल

प्रिय दादा,

फायटर आणला. निळा. खरंच देखणा. आई म्हणाली, "एकटंच पोर. याचं कोणी नाही का?" त्या दिवसापासून ती त्याला सोडून उठत नाही. पाणी मी बदलते, ती झोपली की. त्यानं तग धरला, तुझे दुकानदार खरे. तो जगला, पण पोट टम्म फुगलं. आता आडवा पडून असतो, खाणं नाकाशी आलं तरी तोंड फिरवतो. आणि त्यानं तोंड फिरवलं की आईही फिरवते. शिवण आणखी आत घेतली तर ब्लाउजचा आकारच बिघडतो, म्हणून नवे बेतले.

आणखी एक लिहायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, लिहिलं नव्हतं. कळ मशीनमुळे नव्हती. पित्ताशयात खडे आहेत, ते काढायचे आहेत. दोनदा पुढे ढकललं, आईला कोणापाशी ठेवू म्हणून. आता डॉक्टर ऐकत नाहीत. मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात बसकण मारली ती मला उठताच येईना, वहिनींनी उठवलं. आई बाहेर फायटरला भरवत होती. तिनं काही विचारलं नाही. मी जेवले का, हेही ती कधी विचारत नाही. मी घरातलीच ना. पंगतीत वाढणारीला कोण विचारतं.

वहिनी म्हणतात मी बघते, पण त्यांनाही घर आहे. तुला रजा मिळेल का? मिळाली नाही तर तसं लगेच कळव, म्हणजे मी आशा लावून बसणार नाही.

तुझी,
बारकी


१९ एप्रिल
(वहिनींच्या हाती, दवाखान्यात)

बारके,

आशीर्वाद. वहिनी सांगत होत्या, शुद्ध आल्यावर तू पहिल्यांदा विचारलंस, "आई जेवली का?" म्हणून हे लगेच लिहितो.

मी आलो, तू दवाखान्यात गेलीस, त्याच सकाळी फायटर मेला. मी त्याच्या जागी दुसरा आणला नाही. नवीन जीव आणून त्या पाण्यात सोडायला हात धजेना. आईच्या देखतच बाहेर काढला. ती म्हणाली, "झोपला का?" मी हो म्हटलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाली, "तुम्ही मशीन दुरुस्तीवाले ना?"

मी तुझ्या मशीनला तेल घालत होतो. म्हटलं, "हो."

"माझा मुलगा पण हेच करतो. लांब असतो. जेवलात का?"

खरं तर जेवलो होतो. पण तिनं ताट आणलं, तू करून ठेवलेलं सगळं वाढलं, समोर बसली. मी जेवलो. मग म्हणाली, "चला, आता मी बसते." आणि जेवली, बारके. थोडंच, पण स्वतःच्या हातानं.

थोड्या वेळानं पुन्हा आली. "दुरुस्तीवाले, जेवलात का? उपाशी माणसानं काम करू नये." मी पुन्हा जेवलो. तिनंही दोन घास घेतले. दिवस कलेपर्यंत असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. शेवटच्या ताटाला पोटात तसूभर जागा नव्हती, घशाशी आलं होतं. तिनं घास करून माझ्या तोंडापाशी धरला. मला तो फायटर आठवला. तोंड फिरवावंसं वाटलं. तिचा चेहरा बघितला आणि तोंड उघडलं.

वहिनी दारातून बघत होत्या. हसू दाबत म्हणाल्या, "भावजी, तुमचं पाणी कोण बदलणार?"

दवाखान्यात तुला भेटायला येता येत नाही. मी दिसेनासा झालो की ती "दुरुस्तीवाले उपाशी गेले" म्हणून जिन्यात जाते. रजा अपुरी आहे. मी गेल्यावर काय, ते माझ्यानं ठरत नाही. देवाला विचारलं. तो ऐकतो, एवढं मला माहीत आहे. त्याचं उत्तर अजून माझ्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

तू नीट बरी हो.

दादा


१४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. तू सुखरूप पोहोचल्याचं कार्ड मिळालं. तुझी पाठ फिरली आणि मी आले, त्यात एक संध्याकाळ गेली, ती वहिनींनी निभावली.

आता सांगते. रिक्षातून उतरले, वहिनींनी धरून वर आणलं. मी पार वाळले आहे, दवाखान्यात विंचरणं होईना म्हणून केस कापले आहेत, आणि इतके दिवस तिच्या डोळ्यांपुढे नव्हते. आई खुर्चीत होती. मी हाक मारली. तिनं बघितलं आणि वहिनींना विचारलं, "या कोण?"

वहिनी म्हणाल्या, "आजी, असं काय करता, ही तुमची लेक." आई हसली. पाहुण्यांसमोर हसतात तसं. "लेक माझी शिवते. बाहेर गेली असेल. या बसा ना."

मी बसले. माझ्याच खुर्चीत, माझ्याच मशीनपाशी. दादा, ती मला अर्धंमुर्धं ओळखायची, कधी मावशी म्हणायची, कधी नुसतं 'अगं ए'. तेवढ्यावर माझं चाललं होतं. आता तेवढंही नाही. दारातून आत आले ती मी, आणि तिच्या मनातली लेक कुठेतरी बाहेर गेलेली. ती येईपर्यंत मी पाहुणी.

आणि मग तिनं मला निरखून बघितलं. "फार दमलेल्या दिसता बाई. जेवलात का?"

दादा, बाबा गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलंय, पोटाला ताण नको, एका वेळी थोडंच खायचं, पण दिवसातून पुष्कळदा. वहिनी हे ऐकून हसल्या. आई वाटीत थोडा मऊ भात आणते, समोर बसते, माझा घास गिळून होईपर्यंत बघते. मग म्हणते, "चला, पाहुणीचं झालं," आणि आपलं ताट ओढते. थोड्या वेळानं पुन्हा. या पंधरवड्यात तिची शिवण आत घ्यावी लागली नाही.

कधी कधी वाटतं, तिला सांगावं, आई, मीच ती, शिवणारी, मी आले. एकदा सांगितलंही. ती गोंधळली, ताट तसंच ठेवून लेकीला शोधायला दाराशी गेली, कडी हलवायला लागली. आता सांगत नाही.

टाकी धुऊन वहिनींच्या गच्चीवर पालथी घातली आहे. तुझ्या दुकानदारांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की आता मासा शोधू नका.

हे लिहिताना आई दोनदा येऊन गेली. आता पुन्हा वाटी घेऊन उभी आहे. पत्र इथेच थांबवते. तोंड उघडायला हवं.

तुझी,
बारकी